उशीखालचे कागद

“वहिनी, एक दिवस नाही नेलं तर काय बिघडतं? आपला सण तरी आहे का तो?” आमचे भाऊजी सांगलीहून फोनवर म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी पुढे जोडलं, “आत्तापासून संयमाची सवय लागलेली बरी.”

विषय माझ्या नातीचा होता. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते, सहा वर्षांची आहे, तिला टाइप १ मधुमेह आहे, आणि हॅलोविनला डायनासोर व्हायचं हे तिने ऑगस्टातच ठरवून टाकलं होतं. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतली मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारात त्यांच्या झोळीत चॉकलेटं, गोळ्या पडतात. मधुमेह असलेल्या पोरीला तिथे न्यायचं म्हणजे विस्तवाशी खेळ, असं भाऊजींना वाटलं. त्यांच्या मनात काळजीच होती, खोट नव्हती. तरी ते वाक्य मला टोचत राहिलं, आणि का टोचतंय हे शोधता शोधता मी भलतीकडेच जाऊन पोचले.

भाऊजींचा अधिकार मोठा आहे. त्यांनाही मधुमेह आहे. आपल्याकडे घरोघरी असतो तो, टाइप २. चहूबाजूंना ऊस आणि साखर कारखाने अशा मुलखात राहून त्यांनी साखर सोडली. चहा बिनसाखरेचा. श्रीखंडाच्या वाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. गणपतीत मोदकाचं सारण बाजूला काढून नुसती पारी खातात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते सारण खाणाऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही.

दोन मधुमेहांतला फरक आता बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून धावतं सांगते. टाइप २ मध्ये शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासं होतं. वजन, हालचाल, खाणं, आनुवंशिकता या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. पोराने किती गोड खाल्लं, आईने काय खाऊ घातलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. बाहेरून इन्शुलिन दिलं नाही तर ते मूल जगत नाही. दिलं की वाढतं, शाळेत जातं, भांडतं आणि डायनासोर होतं.

मला खरं बोलायचं आहे ते दुसऱ्याच एका फरकाबद्दल. संयम निराळा आणि हिशेब निराळा. संयम ‘नको’ म्हणतो, हिशेब ‘किती’ असं विचारतो. संयमात माणसाची परीक्षा असते. तो टिकला की माणूस स्वतःच्या नजरेत मोठा होतो, सुटला की लहान. हिशेबात मोठं-लहान कुणी होत नाही. चुकला तर पुन्हा मांडायचा. भाऊजींच्या आजाराला संयमाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. नातीच्या आजाराला मात्र संयम कळतच नाही. तिने दिवसभर कडकडीत उपास केला तरी तिला इन्शुलिन लागतंच, कारण अन्न नसतानाही शरीर आपल्याजवळची साखर रक्तात सोडत असतं. आणि तिने खाल्लं तर खाल्लेल्याच्या मापाने इन्शुलिन द्यायचं असतं. ते माप साखरेचं नसतं, कर्बोदकांचं असतं. अशा मुलांच्या घरांतून त्याला ‘कार्ब’ म्हणतात आणि ते ग्रॅममध्ये मोजतात. अमेरिकन कपाने कपभर शिजलेला भात म्हणजे साधारण ४५ ग्रॅम कार्ब. हॅलोविनला वाटतात ते बोटभर स्निकर्स म्हणजे दहा-अकरा ग्रॅम. चार स्निकर्स म्हणजे जवळपास एक कप भात. मुलीच्या ताटात भात वाढताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. स्निकर्स दिसलं की येतं. भाऊजी जी पारी विजयी मुद्रेने खातात ती तांदळाचीच असते, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. घरात शांतता राहावी म्हणून काही हिशेब मनातच ठेवावे लागतात.

आता त्या संध्याकाळचा हिशेब कसा चालतो ते बघा. नातीच्या दंडावर सेन्सर आहे. तो दर पाच मिनिटांनी त्वचेखालच्या साखरेचा आकडा फोनवर पाठवतो. दिवसाचे २८८ आकडे. आकड्याशेजारी बाण असतो. बाण आडवा असेल तर श्वास घ्यायचा, खाली असेल तर खाऊ काढायचा. कमरेला पंप आहे, त्यातून इन्शुलिन जातं. घरून जेवून निघायचं, म्हणजे झोळीवर भुकेचा डोळा राहत नाही. पण जेवणाचं इन्शुलिन अंगात काम करत असतानाच मूल तासभर चालतं, पळतं, पायऱ्या चढतं, त्यामुळे साखर घसरते. उत्साहाने ती चढतेही. अमेरिकेने घड्याळं मागे घ्यायचा दिवस २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर नेला, तेव्हापासून हॅलोविनला उजेडाचा एक तास जास्त मिळतो. न्यू जर्सीत सहाच्या सुमाराला अंधारतं आणि गारठा पडतो. अंधारात मूल थरथरताना दिसलं, तर ते थंडीने की साखर उतरल्याने हे फोन बघितल्याशिवाय कळत नाही. आणि गंमत म्हणजे, ७० च्या खाली आकडा गेला की त्या क्षणी सगळ्यात योग्य औषध झोळीतच असतं. साधी साखरेची गोळी. चॉकलेट नव्हे, कारण चॉकलेटातली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर लावते. ज्या वस्तूपासून पोरीला लांब ठेवायचं म्हणून भाऊजी सांगलीत बसून घोर करतात, तीच वस्तू वाटेत तिला सावरते. रस्त्यात खाल्लेल्या एखाद्या गोळीला तर कित्येकदा इन्शुलिनही द्यावं लागत नाही. चालण्यातच ती जिरून जाते.

भाऊजींचा दुसरा मुद्दा ‘आपला सण नाही’ हा. यावर मी फार वाद घालणार नाही. त्या पोरीचा जन्मच तिथला, तिच्या वर्गातली सगळी मुलं जातात, म्हणजे तो तिचा सण झाला. आणि दारोदार जाऊन गोड घेणं हे आपल्याला परकं कधी होतं? संक्रांतीला डबी घेऊन तिळगुळासाठी आम्ही आख्खी आळी पालथी घालायचो. भोंडल्यात तर घराघरांतून खिरापत ओळखण्याचीच चुरस असायची. टाइप १ असलेली मुलं महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत, आणि त्यांची परीक्षा वर्षातून एकदाच येत नाही. वर्गातल्या प्रत्येक वाढदिवसाला टॉफी वाटतात, आणि त्या मुलाच्या बाकाशी आल्यावर बाई क्षणभर थांबतात. ते क्षणभर थांबणं त्या मुलाला टॉफीपेक्षा जास्त लक्षात राहत असणार.

संयमाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही, कारण इतिहास भाऊजींच्या बाजूने साक्ष देतो. इन्शुलिन सापडलं १९२१ साली, टोरांटोत. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी या मुलांसाठी डॉक्टरांच्या हातात एकच उपाय होता, उपासमार. फ्रेडरिक ॲलन नावाचा डॉक्टर त्या पद्धतीचा पुरस्कर्ता होता. १९२१ मध्ये त्याने मॉरिसटाउनला मोठं रुग्णालय काढलं. एडिसनहून गाडीने तासाभरातलं गाव आहे ते. त्याच्या पद्धतीत मुलांना दिवसाला जेमतेम काहीशे कॅलरी देत. त्यांपैकी एक एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. तिने तीन वर्षं हे काढलं. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला, इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी डॉ. बॅन्टिंगकडे पोचली तेव्हा पंधराव्या वाढदिवसाला टेकलेल्या त्या मुलीचं वजन ४५ पौंड होतं, म्हणजे आपले वीस किलो. इन्शुलिन मिळालं, ती पोटभर जेवू लागली, शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. तिला इन्शुलिनपर्यंत आणून पोचवलं ते संयमानेच. भाऊजींना ही गोष्ट माहीत नाही. असती तर त्यांनी ती मला ऐकवली असती, आणि मला उत्तर शोधावं लागलं असतं.

उत्तर आहे, पण ते ऐकायला बरं वाटत नाही. ॲलनच्याच रुग्णांत एक बारा वर्षांचा मुलगा होता. दृष्टी गेलेली, अशक्तपणा इतका की पलंगावरून उठणं मुश्कील. खोलीत बाहेरचं अन्न येण्याची सोय नव्हती, तरी त्याची साखर उतरेना. शेवटी कळलं की तो टूथपेस्ट खात होता, आणि त्याने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. खूप वेळ नाही-नाही म्हणून झाल्यावर मग त्याने कबूल केलं. संयम एलिझाबेथला जमला, या मुलाला जमला नाही. दोघांत चांगलं-वाईट ठरवायला मी कोण? एवढं मात्र दिसतं की ‘नको’ हा शब्द मुलावर सतत लादला की मूल एकतर संत होतं नाहीतर चोर. संत क्वचितच होतं. आणि या आजारात चोरी फार महाग पडते, कारण चोरून खाल्लेल्याला इन्शुलिन मिळत नाही. एलिझाबेथनेही पुढे जन्मभर आपला आजार लोकांपासून लपवला, हे इथेच सांगून ठेवते.

इथे थोडं विषयांतर करते, कारण अमेरिकन लोकांचा एक भयगंड मला फार आवडतो. हॅलोविनला अनोळखी माणसं चॉकलेटात विष घालतात, सफरचंदात ब्लेड घालतात, अशी तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतल्या असल्या बातम्या वर्षानुवर्षं खोदून काढल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्याला खरं ठरवता आलं नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा हॅलोविनच्या खाऊतल्या सायनाइडने मेला खरा, पण ते विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. एवढं असूनही घरोघरी त्या रात्री आईबाप झोळी टेबलावर उपडी करतात आणि एकेक वेष्टन तपासतात. मला ही रीत कळली तेव्हा हायसं वाटलं. आमच्या टेबलावर चॉकलेटं मांडून त्यांचे ग्रॅम वाचणारी माझी लेक त्या रस्त्यावर काही जगावेगळं करत नव्हती. शेजारीपाजारी न सापडणारं विष शोधत होते, आम्ही सापडणारे कार्ब शोधत होतो.

त्या टेबलावर मुलांचा बाजारही भरतो, आणि मला विचाराल तर खरा सण तोच. एका रीसिसला दोन किटकॅट, तीन लॉलीपॉपला एक ट्विक्स, असे सौदे होतात. या बाजारात सगळ्यात कवडीमोल माल म्हणजे स्मार्टीज. आपल्याला स्मार्टीज म्हटलं की रंगीत चॉकलेट गोळ्या आठवतात. अमेरिकेतले स्मार्टीज निराळे. पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या फिकट रंगाच्या चपट्या चकत्या, आणि कंपनी न्यू जर्सीतलीच, युनियन गावची. मुलं त्यांना नाकं मुरडतात. पण त्या बहुतांशी डेक्स्ट्रोजच्या असतात, म्हणजे औषधाच्या दुकानात ‘ग्लुकोज टॅबलेट’ म्हणून महाग मिळतं तेच. एका गुंडाळीत सुमारे सहा ग्रॅम. साखर उतरली की लगेच चढवायला यांच्यासारखं दुसरं काही नाही. नातीने मागल्या वर्षी एक मोठं चॉकलेट देऊन मित्राकडून स्मार्टीजचा ढीग घेतला. मित्राला वाटलं आपण तिला गंडवलं. तिला वाटलं आपण त्याला. दोघांचंही बरोबर होतं. शाळेच्या दप्तरात, गाडीच्या खणात, आजीच्या पर्समध्ये वर्षभर पुरेल एवढा साठा एका संध्याकाळी झाला.

मोठ्यांनीही या सणाला तोडगे काढलेत. ‘स्विच विच’ नावाची एक चेटकीण तिथे प्रसिद्ध आहे. मुलं खाऊ उशाशी ठेवून झोपतात आणि ती रात्री तो नेऊन बदल्यात खेळणं ठेवते. मला ही चेटकीण फारशी आवडत नाही. खेळणं मिळतं ते ठीक, पण खाऊ हा रात्रीतून घरातून हलवायचा धोक्याचा माल आहे, हाही निरोप सोबत जातो. त्यापेक्षा निळ्याहिरव्या भोपळ्याची रीत मला शहाणी वाटते. टेनेसी राज्यात २०१२ मध्ये खाद्य-ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांमधून ती निघाली आणि २०१४ पासून देशभर पसरली. ज्या दारात त्या रंगाचा भोपळा, तिथे खाण्याच्या वस्तूंबरोबर खेळणी, स्टिकर, चमकणारी कडीही ठेवलेली असतात, आणि ती कुणीही उचलावी. ‘मला काय झालंय’ हे मुलाने दारात उभं राहून सांगायची गरज पडत नाही. बाईंचं ते क्षणभर थांबणं त्या दारात नसतं.

इथवर आले तेव्हा माझा लेख जवळजवळ संपला होता. संयम हरला, हिशेब जिंकला. भाऊजींना पाठवून द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण मनात एक गोष्ट खटकत होती.

२०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतंखेतं, असा दुहेरी योग. आमच्या माहेरी कोकणात त्या दिवशी कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, त्याचा कडू कण जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचं. गोडाआधी कडू, असा दंडकच. न्यू जर्सीत कारीट कुठून आणणार? भारतीय दुकानातून कारलं आणलं, त्याची चकती चिरडली आणि नातीच्या जिभेला लावायला गेले. तिने तोंड मागे घेतलं आणि विचारलं, “आजी, याला कार्ब किती?”

आम्ही सगळे हसलो. मला आपला अभिमानही वाटला, पोरगी किती तयार झाली म्हणून. पण नंतर दिवसभर मी कान देऊन ऐकत राहिले. चकलीला कार्ब किती. पाण्याला आहेत का. देवाच्या नैवेद्यातल्या साखरेच्या दाण्याला किती. ती खाण्याच्या गोष्टीकडे भूक म्हणून बघतच नव्हती. आधी आकडा, मग जीभ. शिवाय आकड्यांनाही घरात रंग होते. सेन्सर ११० दाखवू लागला की तिची आई म्हणायची, “वा, छान!” २६० ला कुणी काही म्हणायचं नाही, फक्त सगळ्यांचे आवाज किंचित खाली यायचे. पोरीला ते ऐकू येत होतं. दर पाच मिनिटांनी तिच्या हातात प्रगतिपुस्तक येत होतं, आणि त्यावर सही आईची, बाबांची, माझी. हिशेबात कुणी मोठं-लहान होत नाही, असं मी वर लिहिलं आहे. मोठ्यांच्या हिशेबात होत नसेल कदाचित.

मग नोव्हेंबरात एका रात्री तिचा आकडा चढायला लागला आणि उतरेना. लेकीने पंप तपासला, नळी बदलली, जादा इन्शुलिन दिलं. सकाळी अंथरूण झटकताना उशीखाली चॉकलेटचे तीन कागद सापडले. “मला नाही माहीत,” नात म्हणाली.

मला तो कॅनरीचा पिंजरा आठवला. पण या मुलीला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. या घरात चॉकलेटला बंदी नव्हती. तिने मागितलं असतं तर मिळालं असतं, इन्शुलिनसकट. मग का लपवलं? मला सुचतं ते उत्तर असं : मागितलं असतं तर कागद वाचावा लागला असता, ग्रॅम सांगावे लागले असते, आईने फोन काढला असता, पंपाची बटणं दाबली असती, जरा थांब म्हटलं असतं. तिला एक चॉकलेट बिनहिशेबी खायचं होतं. इतर मुलं खातात तसं. चवीपलीकडे कशासाठीच नाही. तिच्या स्मार्टीजचंही आम्ही औषध करून ठेवलं होतं. साखर उतरून हातपाय गळाले की खायची गोष्ट, मग ती गोळी आवडणार कशी?

म्हणजे चोर फक्त संयमच तयार करतो असं नाही. हिशेबही करतो, घरात जेव्हा दुसरं काहीच शिल्लक राहत नाही तेव्हा. हे कळल्यावर माझा आवडता भेद माझ्याच हातात वाकडा झाला. मी तो सोडलेला नाही. साखर मोजावीच लागते. ज्या दिवशी मोजणं थांबेल त्या दिवशी मूल दवाखान्यात असेल. पण हिशेबाला एक गोष्ट आधी लागते, आणि ती म्हणजे खरी नोंद. उशीखालच्या कागदांची नोंद वहीत कधीच येत नाही. मूल खरं कधी सांगतं? खरं सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलत नसेल तेव्हा. चेहरा न बदलणं ही मोठ्यांच्या आयुष्यातली फार अवघड गोष्ट आहे. रात्री दोनला गजर वाजलाय, आकडा २९० आहे, उद्या ऑफिस आहे, आणि पोरीने सांगितलं, “मी तीन खाल्ली.” अशा वेळी “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हणायचं, पंप हातात घ्यायचा, आणि डोळ्यांतसुद्धा काही येऊ द्यायचं नाही. याला हिशेब म्हणता येत नाही. याला संयमच म्हणावं लागतं. भाऊजींची मागणी रास्त होती, पत्ता चुकला होता. सवय लावायची होती ती सहा वर्षांच्या पोरीला नव्हे, तिच्याभोवतीच्या आम्हा सगळ्यांना.

हा संयम त्यांच्या संयमाहून जड आहे, असं मला आता वाटतं. मोदकाचं सारण बाजूला काढलं की आपलं कौतुक होतं. आकडा बघूनही गप्प बसलं तर कुणाला दिसतसुद्धा नाही. माझी लेक आता हॅलोविनला बाहेर पडताना धोक्याचे गजर चालू ठेवते, पण मधले आकडे मोठ्याने वाचत नाही. साखर उतरण्यावर डोळा ठेवते, कारण तो धोका तिथल्या तिथे असतो. चढण्याला थोडी सूट देते. इन्शुलिन चालू असताना एक संध्याकाळ आकडा जरा वर राहिला, तर तो रात्रीतून खाली आणता येतो. एक नियम त्यांनी नवा केला : त्या रात्री दोन वस्तू आधी खायच्या आणि मग सांगायच्या. आधी विचारायचं नाही. इन्शुलिन उशिरा जातं, आलेखावर डोंगर उठतो. माझ्या मते त्या डोंगराची किंमत वाजवी आहे. त्यांच्या डॉक्टरांनाही त्यांनी हे सांगून ठेवलंय, कारण प्रत्येक मुलाचं माप निराळं असतं आणि आमचा नियम दुसऱ्या घरी जसाच्या तसा लागू पडेल असं नाही.

भाऊजी यावर म्हणतील, म्हणजे शेवटी लाडच. त्यांना मी पुढची सहा वर्षं दाखवीन. बारा वर्षांची झाली की ही मुलगी आईबापांशिवाय, मैत्रिणींबरोबर हॅलोविनला जाईल. तिथे तिला नको म्हणायला कुणी नसेल, मोजून द्यायलाही कुणी नसेल. आई फोनवर आकडा बघेल, पण तो का चढला हे तिला फोन सांगणार नाही. ते फक्त मुलगी सांगू शकेल. “तीन खाल्ले, इन्शुलिन विसरले, आत्ता देते,” एवढा निरोप तिने न घाबरता पाठवला, तर ती सुरक्षित आहे. तो पाठवण्याआधी तिला आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणून दहा मिनिटं विचार करावा लागला, तर चांगल्यात चांगला सेन्सर आणि महागातला महाग पंप असूनही नाही. हे बाराव्या वर्षी अचानक शिकवता येत नाही. सहाव्या वर्षापासून सराव लागतो, आणि सरावासाठी मी तर ३१ ऑक्टोबरच निवडीन. खोटं बोलण्याचा मोह वर्षभरात त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा असतो, आणि आम्हा मोठ्यांचा चेहरा बदलण्याचाही.